रांगेतली मधली खुर्ची

११ जानेवारी

प्रिय पिपाणी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराखालून आपोआप आत येतं. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून घेतला. तिला न विचारता घेतला, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस.

तुमचं रविवारचं बोलणं ती स्वयंपाकघराचं दार लावून करते. दार लावलं की मला ऐकू येत नाही असा तिचा समज आहे. मी चाळीस वर्षं लिफ्ट आणि उचलयंत्रं तपासली, तीही बंद दारांमागची आणि नुसत्या कानानं. घरातल्या लाकडी दाराचं काय घेऊन बसलीस? तर कळलं ते असं, की मे महिन्यात तुमची मंडळी इथे येणार. तेच थिएटर, तोच पाणचक्कीवाल्याचा ऑपेरा. आणि या वेळी मुख्य भूमिका तुझी. कुणी आजारी पडली म्हणून मिळालेली नाही, तुझी स्वतःची. अभिनंदन. त्यानंतर तुझी आई म्हणाली, "बरं बाई, बाबांना नाही आणत." तुझं वाक्य मला ऐकू आलं नाही, पण उत्तरावरून प्रश्न कळतो.

माझं म्हणणं असं आहे की मला यायचंय. तू बोलावलंस तरच येईन. स्वतः तिकीट काढून मागच्या रांगेत तोंड लपवून बसणं मला जमायचं नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मध्ये पावणेचार महिने आहेत. तेवढ्यात मी ऑपेरा शिकतो. गायला नव्हे, घाबरू नकोस. ऐकायला.

तीन वर्षांपूर्वीच्या विषयावर मी काही लिहिणार नाही. मी बरोबर होतो, एवढंच. रंगमंचावर टांगलेल्या यंत्राचं बेअरिंग गेलं होतं आणि खाली माणसं उभी होती. त्यातलं एक माणूस माझी मुलगी होती. नियम सांगतो ते मी केलं. थिएटर अकरा दिवस बंद राहिलं, तुझे उरलेले दोन प्रयोग गेले, याचं मला वाईट वाटतं. पण चुकलो असं नाही.

आईचा गुडघा बरा आहे. मला निवृत्त होऊन वर्ष झालं. मी घरात असतो याचा तिला त्रास होतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

तुझा,
बाबा


२ फेब्रुवारी

प्रिय पिपाणी,

पत्र मिळालं असावं. आईला विचारलं, "फाडलं का?" ती म्हणाली, "फाडलं नाही, एवढंच म्हणाली." पुष्कळ झालं.

शिक्षण सुरू केलं. आधी माझ्या पद्धतीनं केलं, ते सांगतो, तू हसशील. फोनवर एक ऑपेरा उतरवून घेतला आणि सकाळी फिरताना कानात घालून ऐकला. बातम्या मी नेहमी दुप्पट वेगानं ऐकतो, तसाच हाही ऐकला. अडीच तासांचा ऑपेरा सव्वा तासात उरकला. घरी आल्यावर तुझ्या आईला थोडा ऐकवला. ती म्हणाली, "अहो, हे उंदीर का भांडतायत?"

मग साध्या वेगानं लावला, पण सोबत भांडी घासली, पेपर वाचला, बिलं भरली. डोक्यावरून गेला. कोण कुणावर रागावलंय ते कळेना. सगळेच सगळ्यांवर रागावल्यासारखे वाटत होते.

त्यानंतर गुरू भेटल्या. समोरच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. मेकॅनिक यायला वेळ होता, म्हणून मला बोलावलं. आत एक म्हातारी बाई होती. दाराशी जाऊन मी नेहमीचं विचारलं, "घाबरलात का?" आतून उत्तर आलं, "छे हो! इथे आवाज काय सुरेख घुमतोय." आणि बाई गायला लागल्या. मी बाहेर हँडल फिरवतोय आणि त्या आत गातायत. लिफ्ट मजल्याशी आली, दार उघडलं, तरी कडवं संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

या बाई तीस वर्षं एका ऑपेरात नोकरीला होत्या. कामही काय, तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खोकं असतं, प्रेक्षकांना पाठ करून त्यात बसायचं आणि गाणाऱ्यांना पुढचा शब्द आधी हळूच सांगायचा. तुला हे माहीत असणारच. मला नव्हतं. मी त्यांना खोक्यातल्या बाई म्हणतो. त्यांना ते आवडतं.

मी सगळं सांगितलं. मुलगी गाते, मेमध्ये येणार आहे, आणि मला काही कळत नाही. आपलं भांडण सांगितलं नाही. त्यांनी माझा फोन मागितला, दुसऱ्या खोलीत नेऊन उशीखाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता बसा. हातात काही घ्यायचं नाही."

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी चार ते सहा असा वर्ग ठरला.

बाबा


२३ फेब्रुवारी

प्रिय पिपाणी,

माझी प्रगती चांगली आहे. हे मीच म्हणतोय असं नाही, बाईही म्हणतात. "तुमचा कान पक्का आहे, डोकं मध्ये येतं," असं म्हणाल्या. अर्धी स्तुतीच आहे.

त्यांची रीत साधी आहे. गोष्ट आधी पूर्ण वाचायची, शेवटासकट. मी म्हटलं, मग मजा काय राहिली? त्या म्हणाल्या, "घरी जायचा रस्ता तुम्हाला माहीत असतो, म्हणून घरी जायचं सोडता का?" मग एका दिवसात एकच अंक. आणि त्या अंकात एकाच माणसाच्या मागे जायचं. तो गात असो नसो, कान त्याच्यावर ठेवायचा. तो कुठे श्वास घेतो ते ऐकायचं. बाई म्हणतात, "सूर काय, सगळेच लावतात. माणूस श्वासात कळतो."

पहिल्याच आठवड्यात मी वाद घातला. एका नाटकात एकाला भोसकतात आणि तो आठ मिनिटं गात मरतो. मी म्हटलं, बाई, हे पटत नाही, भोसकलेल्या माणसाला गाता येत नाही. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या लिफ्टमध्ये अडकलेला माणूस बाहेर आल्यावर काय म्हणतो? किती वेळ अडकलो?" मी म्हटलं, तीन मिनिटं अडकलेला कुणीही अर्धा तास सांगतो. आम्ही नोंदवहीत नेहमी तीनच लिहायचो.

"बस्स," त्या म्हणाल्या. "ऑपेरात तो अर्धा तास दाखवतात."

पिपाणी, त्या दिवशी मी घरी पायी गेलो, पुलावरून, लांबच्या रस्त्यानं. चाळीस वर्षं मी माणसांचा अर्धा तास खोडून तीन मिनिटं लिहीत आलो आणि ते अगदी चोख काम आहे असं मला वाटत होतं.

आणखी एक. तुम्ही माईक लावत नाही! हे मला आत्ता कळलं. पन्नास-साठ वाद्यं एकदम वाजतायत आणि त्यावरून एक गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, विजेशिवाय. यंत्रातल्या माणसाला याचं कौतुक कळायला इतकी वर्षं लागावीत? तू लहानपणी जिन्यात उभी राहून तळमजल्यावरून आईला हाक मारायचीस आणि सहाव्या मजल्यावरचे लोक दार उघडायचे. तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी पिपाणी नाव ठेवून मोकळा झालो.

परवा एका गाण्याला मी बेसिनपाशी उभा होतो. नळ चालू राहिला. आईनं येऊन बंद केला आणि काही बोलली नाही. असं ती तीस वर्षांत पहिल्यांदाच वागली.

पुढच्या आठवड्यात तुझा पाणचक्कीवाला घेणार आहोत. मी एक ठरवलंय. पहिल्या अंकाच्या शेवटी तुझं जे एकटीचं गाणं आहे, ते मी कुणा दुसरीच्या आवाजात ऐकणार नाही. तिथवर आलं की बंद करायचं. बाईंनी नाक मुरडलं, पण कबूल झाल्या.

बाबा


९ मार्च

प्रिय पिपाणी,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. आता एकदाच लिहितो आणि पाकीट लगेच पेटीत टाकून येतो.

शुक्रवारी पहिला अंक ऐकला. गोष्ट मी वाचली होती. पाणचक्कीवाला म्हातारा आहे. दळायला धान्य नाही, तरी चक्की चालूच ठेवतो, कारण ती थांबली की घरात शांतता होते आणि ती त्याला सोसत नाही. मुलगी त्याला सांगू पाहतेय की ती निघालीये. चक्कीच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही. मी बाईंना म्हटलंही, हे जरा अतिच झालं. त्या म्हणाल्या, "असे बाप असतात."

अंक संपत आला आणि खालून एक आवाज सुरू झाला. खर्जातला, खरखरीत, एका लयीत अडखळणारा. माझे कान टवकारले. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, बाई, तुमच्या स्पीकरचं काहीतरी गेलंय. त्यांनी तो काढला, हेडफोन दिला. त्यातही तोच. मी म्हटलं, म्हणजे रेकॉर्डिंगच खराब आहे, यात यंत्राची घरघर आलीये, हे बेअरिंग आहे, आतल्या गोळ्या झिजल्यात, मी हा आवाज जगात कुठेही ओळखेन.

त्यांनी गाणं थांबवलं. कपाटातून जाड वही काढली, सगळ्या वाद्यांच्या ओळी छापलेली. सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ऑर्केस्ट्रातलं सर्वांत खालच्या सुराचं फुंकवाद्य, उभ्या माणसाहून उंच, नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. त्या ओळीवर लिहिलं होतं, 'चक्की. रिकामी फिरते.'

मी खाली बसलो. बाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं.

आता तीन वर्षांपूर्वीचं सगळं सांगतो. तुला यातलं थोडंच माहीत आहे, कारण मी थोडंच सांगितलं.

मी कडेची खुर्ची मागून घेतली होती. कुठेही गेलो की बाहेर पडायचा रस्ता आधी बघतो, सवय. तुझं पहिलं अर्धं मी ऐकलंच नाही. वर यंत्राला टांगलेला लाकडी पूल बघत होतो, दोर मोजत होतो. मग तो आवाज आला. तू बरोबर त्या पुलाखाली उभी होतीस. मी उठलो, मागच्या दाराशी गेलो. दारावरच्या माणसानं विचारलं, "कोण आपण?" मी खिशातून कार्ड काढून दाखवलं. निरीक्षक. त्यानं सोडलं. लोखंडी जिन्यावर यंत्रावरचा माणूस भेटला. त्याला म्हटलं, बेअरिंग गेलंय, प्रयोग थांबवा. तो म्हणाला, "साहेब, यंत्र बंद आहे. अंक संपेपर्यंत त्याला कुणी हातही लावत नाही." मी म्हटलं, बंद असून आवाज येतो म्हणजे आणखी वाईट. तेवढ्यात आवाज थांबला. एकदम. माझी खात्रीच पटली. म्हटलं, बघा, अडकलं!

पिपाणी, चक्की थांबते तिथे तुझं गाणं सुरू होतं. मधल्या दारापलीकडे तू गात होतीस, आणि मी जिन्यावर एका गरीब माणसाला नियम शिकवत होतो. मी बोलत होतो, म्हणून मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार केली. त्यांनी यंत्र उघडलं, काही सापडलं नाही. मी म्हटलं, रात्रीत दुरुस्त केलं असणार. तू खोलीत येऊन विचारलंस, "बाबा, निदान माझं गाणं कसं झालं ते तरी सांगा," आणि मी बेअरिंगबद्दल बोललो. उरलेल्या दोन प्रयोगांना ज्या बड्या लोकांना तुला ऐकायला बोलावलं होतं, ते परत गेले. त्यानंतर दोन वर्षं तू मागच्या रांगेत समूहात गायलीस. हे आईकडून कळलं.

मी चुकलो. शंभर टक्के. माझ्या कानानं दगा दिला नाही, त्यानं चक्की बरोबर ओळखली. ज्यानं ते लिहिलं त्याला इतका पक्का ऐकणारा मिळाला नसेल. पण मुलगी गाणार होती आणि मी यंत्र ऐकायला बसलो होतो.

मला माफ कर.

बाबा


१८ मार्च

प्रिय पिपाणी,

नुसतं तुला लिहून भागणार नव्हतं. काल जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या जागी आता माझाच जुना मदतनीस बसतो, तुझ्या लग्नाच्या गप्पा मारणारा, जाडा. त्याला म्हटलं, ती फाइल काढ. त्यात माझ्या हातानं लिहून जोडलं, की तक्रार चुकीची होती, यंत्र निर्दोष होतं, निरीक्षकानं वाद्याचा आवाज यंत्राचा समजला. खाली सही, तारीख. एक प्रत थिएटरच्या व्यवस्थापकांना पाठवली, एक यासोबत आहे.

जाड्यानं वाचलं. मी वाट बघत होतो की तो हसेल. तो हळूच म्हणाला, "साहेब, वाद्याचं नव्हतं माहीत, पण यंत्रात काही नाही हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला? कानवाल्या साहेबांना सांगणार कोण?"

ऑफिसात मला कानवाले साहेब म्हणत, ते मला कौतुकच वाटायचं. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगितलं असतं. पण मलाही तुम्ही बोलू दिलं नाहीत." मग तिनं कांदा चिरायला घेतला आणि मला म्हणाली, "बसा इथेच. हातात काही घेऊ नका." खोक्यातल्या बाईंशी ती कधी बोलली, देव जाणे.

दार न लावता ती आता तुला फोन करते. मीच उठून गॅलरीत जातो.

बाबा


१४ एप्रिल

प्रिय पिपाणी,

पाकीट मिळालं.

आत चिठ्ठी आहे का म्हणून ते उलटं करून झटकलं, उजेडाला धरलं. नव्हती. एकच तिकीट, ३ मे, दुपारचा प्रयोग. ठीक आहे. तुझं अक्षर पाकिटावर होतं, तेवढं पुरे.

मग खुर्चीचा क्रमांक बघितला. थिएटरचा नकाशा काढला. सातवी रांग, बरोबर मधोमध. डावीकडे अकरा माणसं, उजवीकडे अकरा माणसं. बाहेर पडायचं तर अकरा जोड गुडघे ओलांडावे लागतील. मी इतका हसलो की आई धावत आली. तिलाही दाखवलं. ती म्हणाली, "माझी पोरगी आहे." तिचं तिकीट तू तिला वेगळं पाठवलंस, कडेचं, गुडघ्यासाठी. चांगलं केलंस.

बाईंना दाखवलं, त्यांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "ही मुलगी गाणार चांगलं. हिला माणसं कुठे बसवायची ते कळतं."

मी येतोय. कार्ड घरी ठेवून येतोय.

बाबा


३ मे, संध्याकाळी साडेपाच

पिपाणी,

हे कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहितोय, पेन शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांचं आहे, ते बाहेर थांबलेत, परत द्यायचंय. म्हणून घाईत.

वर बघितलं नाही. पूल होता, मी बघितला नाही. बाईंनी सांगितलं तसं तुझ्याच मागे राहिलो, तू नुसती कोपऱ्यात उभी राहून टोपली विणत होतीस तेव्हाही. मग चक्की सुरू झाली. मी सांगतो, खरं सांगतो, माझे पाय आपोआप हलले. चाळीस वर्षांचे पाय आहेत. दोन्ही हातांनी खुर्ची धरली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "चक्की आहे." ते म्हणाले, "हो, आहे."

आणि ती थांबली. सगळा ऑर्केस्ट्रा थांबला. मला वाटायचं तिथे दुसरं काही वाजत असेल. काहीच नाही. एवढं मोठं थिएटर आणि नुसती तू. तू श्वास घेतलास तो मला सातव्या रांगेत ऐकू आला. जिन्यात हाक मारायच्या आधी घ्यायचीस तोच.

पुढचं मला लिहिता येत नाही. गाण्यातलं मला किती कळलं ते विचारशील तर थोडं सांगेन, दुसऱ्या ओळीत तू आवाज वाढवायच्या जागी कमी केलास आणि सगळे पुढे वाकले, मीही. घड्याळानं चार मिनिटं झाली असतील. मी अर्धा तास लिहीन.

शेवटी लोक उभे राहिले, तेव्हा माझ्याच्यानं उठवेना. तू खाली बघत होतीस. सातव्या रांगेत एकच माणूस बसलेला होता, म्हणजे तुला दिसलो असेन.

आता मागच्या दाराशी आहे. आई बाकावर बसलीये, मला म्हणते, "तुम्हीच जा पुढे." दारावर तोच माणूस आहे, केस पांढरे झालेत. त्यानं मला ओळखलं नाही. विचारलं, "कोण आपण?"

हात खिशाकडे गेला, सवयीनं. खिसा रिकामा होता.

म्हटलं, "गाणारीचा बाप."

तो म्हणाला, "थांबा, विचारून येतो." हा कागद त्याच्याच हाती देतोय. तू घाई करू नकोस, रंग नीट पुसून ये. मी इथेच आहे.